दोन घरांनी हार

माझ्या सासऱ्यांना अख्ख्या विनिपेगमध्ये एकच माणूस आवडला, आणि तोही असा, की कुणी 'मिस्टर' म्हटलं तर त्याला राग यायचा.

सासऱ्यांना आम्ही आबोनिम म्हणतो. त्यांचं नाव तेकसू. ते मी आयुष्यात कधी तोंडानं उच्चारलं नव्हतं, माझ्या नवऱ्यानंही नाही. कोरियात, जोंजूजवळच्या एका गावात ते शाळेचे मुख्याध्यापक होते. रस्त्यानं चालले की ओट्यावर बसलेली माणसं उठून उभी राहायची. सासूबाई गेल्या, मागे घर सांभाळणारं कुणी उरलं नाही, म्हणून माझ्या नवऱ्यानं, ग्यूसिकनं, त्यांना इकडे आणलं. ही अठ्ठ्याहत्तर सालची गोष्ट.

इकडे त्यांना बघून कोण उठणार? बस ड्रायव्हर त्यांच्या पाठीवर थाप मारायचा आणि म्हणायचा, "काय दोस्ता, गारठलास ना?" तो बिचारा प्रेमानंच म्हणायचा. आबोनिम पुढे बसमध्ये बसेनासे झाले. मग चर्चला जाणं कमी केलं. शेवटी खिडकीपाशी बसून राहू लागले. पुढ्यात बाडुकचा पट. आडव्याउभ्या रेघांचा लाकडी पट, त्यावर काळ्या-पांढऱ्या सोंगट्या मांडत जायच्या आणि आपल्या सोंगट्यांनी जास्तीत जास्त जागा वेढायची, असा तो खेळ. जिंकलेल्या जागेला आमच्यात 'घरं' म्हणतात. आबोनिम काळ्या सोंगट्याही स्वतःच खेळायचे आणि पांढऱ्याही.

जेवण कमी झालं होतं. वाटीतला भात अर्धा राहायचा आणि मला वाईट वाटू नये म्हणून त्यावर ते गरम पाणी ओतून पिऊन टाकायचे. एक दिवस ग्यूसिकला म्हणाले, "हा हिवाळा सरला की माझं परतीचं तिकीट काढ."

"तिकडे कोण आहे, आबोनिम?" मी स्वयंपाकघरातून विचारलं. मध्ये बोलायची माझी रीत नव्हती, पण तोंडून निघून गेलं.

"रस्ते ओळखीचे आहेत," ते म्हणाले.

त्यांनी जाऊ नये असं मला वाटत होतं. ग्यूसिकला वडील म्हणून वाटत असेल, पण माझं कारण वेगळं होतं. मी घरी कपडे अल्टर करायचे, दिवसभर मशीनवर. आबोनिमना काही हवं असलं तर त्यांनी मला दुसऱ्या खोलीतून कधी हाक मारली नाही. दाराशी यायचे, हलकंसं खाकरायचे आणि माझी शिवण संपेपर्यंत तसेच उभे राहायचे. माझ्या माहेरीसुद्धा माझ्यासाठी असं कुणी थांबलं नव्हतं.

शेजारी कॉर्नेलियस पेनर राहायचे. मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाचे, विधुर, उंच, हाडकुळे. कॉलेजात नीतिशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते. त्यांची ओळख झाली ती भांडणातून.

झालं असं, की पहिला मोठा बर्फ पडला आणि आबोनिमनी भल्या सकाळी उठून आमच्या दारातला बर्फ काढला, आणि त्याच दमात पेनरांच्याही. शेजारचा म्हातारा आपल्याहून मोठा दिसतो, त्यानं फावडं उचलावं आणि आपण बघत बसावं, हे त्यांना कसं चालणार? तेवढ्यात पेनर ड्रेसिंग गाऊनवरच बाहेर आले.

"अहो! मी काय मेलोय का? माझा बर्फ मला काढता येतो!"

आबोनिमना इंग्रजी कळत नव्हतं. त्यांनी वाकून नमस्कार केला आणि राहिलेल्या पायऱ्या साफ केल्या. दुसऱ्या दिवशी पेनर अंधारातच उठले आणि त्यांनी आमचा बर्फ काढून टाकला. तिसऱ्या दिवशी आबोनिम त्यांच्याही आधी उठले. आठवडाभर ही शर्यत चालली. शेवटी दोघं एकाच वेळी फावडी घेऊन समोरासमोर आले आणि मला चपला घालून बाहेर धावावं लागलं.

"वय विचार त्यांचं," आबोनिम म्हणाले.

मी विचारलं. पेनर हसत सुटले. "त्र्याहत्तर. का, बाजारात विकायचंय का मला?"

"माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठे," आबोनिम समाधानानं म्हणाले. चला, आपण कुठे उभं राहायचं ते तरी कळलं, असा त्यांचा चेहरा झाला होता. त्या क्षणापासून पेनर त्यांचे थोरले भाऊ झाले. पेनरांना मात्र याचा पत्ताच नव्हता. त्यांनी हात पुढे केला आणि म्हणाले, "मला कॉर्नेलियस म्हणा. तुमचं नाव काय? तेकसू? झकास. चहा मिळेल का, तेकसू?"

मी कानांवर हात ठेवायचेच बाकी होते.

पेनर घरात आले, त्यांनी पट पाहिला आणि मग आमच्या घरात गुरुवार सुरू झाला. त्यांना कॉलेजातल्या एका गणितवाल्यानं हा खेळ पूर्वी शिकवला होता. दर गुरुवारी दुपारी ते यायचे, येताना स्वतः भाजलेले पाव आणायचे. त्यांच्यात एकावर एक बसवलेले जुळे पाव करतात, वरचा छोटा, खालचा मोठा. आबोनिम त्यांना भिंतीकडची, दारापासून लांबची जागा द्यायचे. ती आमच्यात मानाची. पांढऱ्या सोंगट्यांची वाटीही दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे ठेवायचे, कारण पांढरी बाजू मोठ्याची किंवा ज्याचा खेळ वरचढ त्याची. पेनरांना वाटायचं, यजमान पाहुण्याला रंग निवडू देतोय.

दुभाषी म्हणून पहिले दोन-तीन गुरुवार मी बसले. मग माझी गरज उरली नाही. तास दीड तास नुसता टकटक आवाज, मध्येच पेनर त्यांच्या त्या जुन्या जर्मन बोलीत काहीतरी पुटपुटायचे, आणि आबोनिम हसायचे. मी मशीन थांबवून ऐकायचे. त्या घरात आबोनिम पहिल्यांदा हसले ते गुरुवारी.

भाताची वाटी पुन्हा रिकामी यायला लागली. तिकिटाचं नाव निघेना.

डाव मात्र दर वेळी पेनर जिंकायचे. फार नाही, दोन घरांनी, तीन घरांनी, एकदा तर एकाच. जाताना बूट घालता घालता मला म्हणायचे, "तुझे सासरे उत्तम खेळतात हं, बोकसून. अगदी थोडक्यात जातो त्यांचा डाव. पण मीही काही लेचापेचा नाही."

ग्यूसिकच्या कानावर हे गेलं तेव्हा घास त्याच्या हातातच राहिला. "आबोनिम हरतात? अगं, जिल्ह्यात त्यांच्यासमोर कुणी बसायला तयार नसायचं." मग तो पुन्हा जेवू लागला. आम्हाला दोघांनाही कळलं होतं. त्यात काही वावगं आहे असंही वाटलं नाही. पाहुण्याच्या ताटात मासळीचा मोठा तुकडा वाढतो, तसंच ते.

चंद्रवर्षाच्या नव्या दिवशी चर्चच्या तळघरात आमच्या लोकांचं जेवण असायचं. आबोनिम म्हणाले, पेनरांनाही बोलाव, ते एकटेच असतात. पेनर टाय लावून आले, तांदळाच्या वड्यांचं सूप दोनदा घेतलं. जेवणं झाल्यावर म्हाताऱ्यांनी पट मांडले. आबोनिमसमोर बसले माक म्हणून एक गृहस्थ, चर्चचे कारभारी, आमच्यातले पट्टीचे खेळाडू. वयानं आबोनिमपेक्षा लहान. पेनर खुर्ची ओढून बघायला बसले.

अर्ध्या तासात माकांचा पटावरचा एक अख्खा कोपरा मेला. मग दुसरा. माकांनी घाम पुसला आणि पेनरांकडे वळून मोडक्यातोडक्या इंग्रजीत हसत म्हणाले, "फार भयंकर माणूस आहे हो हा! मी एवढ्या डावांत एकदा जिंकलो असेन. तुम्ही खेळता म्हणे याच्याशी? किती घरांनी मरता?"

पेनर पटाकडे बघत बसले. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल होत गेल्या ते मी पाहिलं. मग ते उठले, टाय सारखा केला, माझ्यापाशी येऊन जेवणासाठी आभार मानले आणि त्या थंडीत चालत घरी गेले.

त्या गुरुवारी ते आले नाहीत.

आबोनिमनी दोन कप मांडले होते. चहा गार झाला तेव्हा त्यांनी स्वतःच्या हातानं तो ओतून दिला आणि कप धुऊन ठेवले. पुढच्या गुरुवारीही तेच. पेनरांच्या घरात दिवा दिसायचा, धुराड्यातून वाफ निघायची. सकाळी त्यांच्या पायऱ्यांवरचा बर्फ आबोनिम काढायचे, आणि पेनर आता बाहेर येऊन ओरडायचेही नाहीत.

"काय चुकलं असेल?" त्यांनी मला एकदा विचारलं. मी मान खाली घातली. सासऱ्यांना त्यांची चूक सुनेनं सांगायची, हे आमच्यात बसत नाही.

रात्रीच्या जेवणाला ते ग्यूसिकला म्हणाले, "तिकिटाची चौकशी केलीस का?"

दुसऱ्या दिवशी मी डबाभर मांडू केले, मांस भरलेले, वाफवलेले, आणि पेनरांचं दार वाजवलं.

त्यांनी मला स्वयंपाकघरात बसवलं. डबा घेतला, पण उघडला नाही.

"त्यांनी पाठवलं?"

"नाही. त्यांना माहीतही नाही."

"बोकसून, तुझ्या सासऱ्यांनी सगळा हिवाळा मला लहान मुलासारखं खेळवलं. बाळ, तू जिंकलास हं, असं. माझ्या डोळ्यांत ते कधी बघत नाहीत, तेव्हा मला वाटायचं लाजाळू असतील. आता कळलं का बघत नव्हते ते."

"आमच्यात मोठ्या माणसाच्या डोळ्यांत रोखून बघत नाहीत हो."

"आमच्यात ज्याला मान द्यायचा त्याच्या डोळ्यांत बघून खरं बोलतात." त्यांनी टेबलावर बोट ठेवलं. "मी आयुष्यभर पोरांना एकच गोष्ट शिकवली. माणसाला काय सोसेल आणि काय नाही, हे तुम्ही त्याच्यासाठी ठरवायचं नाही. ते त्याचं त्यानं ठरवायचं. बायको गेल्यापासून सगळं जग माझ्यासाठी ठरवतंय. मुलगी ठरवते, डॉक्टर ठरवतो, चर्चमधल्या बायका ठरवतात. म्हातारा आहे, सांभाळून घ्या. मला वाटलं, एक जागा अशी आहे जिथे मला कुणी सांभाळून घेत नाही."

मी शेवटी जे खरं होतं तेच म्हणाले. "तुम्ही आला नाहीत तर ते परत जाणार आहेत. तिकडे त्यांचं कुणी नाही."

पेनरांनी डबा बाजूला सरकवला. "येतो मी," ते म्हणाले. "पण मी जे बोलेन ते तू तसंच्या तसं त्यांना सांगायचं, आणि ते बोलतील ते मला. गोड करायचं नाही. शपथ घालत नाही, आमच्यात शपथ चालत नाही. नुसतं हो म्हण."

"हो," मी म्हणाले.

ते लगेच, तसेच माझ्याबरोबर आले. आबोनिम खिडकीतून आम्हाला बघत असणार, कारण दार उघडेपर्यंत ते उठून उभे राहिले होते आणि भिंतीकडची गादी त्यांनी झटकली होती. पेनर त्या जागी बसले नाहीत. पटाच्या दुसऱ्या बाजूला, दाराकडच्या जागी बसले.

"त्यांना विचार, मला किती डाव जिंकू दिले."

मी विचारलं. माझा आवाज मलाच परका वाटला. आबोनिमनी माझ्याकडे पाहिलं, मग पेनरांच्या टायच्या गाठीकडे.

"सगळे," ते म्हणाले. मग एक बोट वर करून, "एक सोडून. तो त्यांनी खरा जिंकला."

पेनर ताठ झाले. "कोणता?"

आबोनिमनी दोन्ही वाट्या स्वतःकडे ओढल्या आणि सोंगट्या मांडायला सुरुवात केली. एक काळी, एक पांढरी, एक काळी, एक पांढरी. न थांबता, न चुकता, तो अख्खा डाव त्यांनी पुन्हा मांडला. एका जागी थांबून पांढऱ्या सोंगटीवर बोट ठेवलं. "इथं. हे मला दिसलंच नव्हतं. त्या रात्री मला झोप लागली नाही."

"आणि बाकीचे डाव?"

"बाकीचेही लक्षात आहेत." त्यांनी पट साफ केला आणि दुसरा डाव मांडू लागले. मध्ये मध्ये बोट ठेवायचे आणि मी सांगत जायचे. इथं मी यांना मारू शकत होतो. पण इथं टाकली, म्हणजे यांना हा कोपरा नीट बघावा लागेल. बघितला यांनी. पुढच्या आठवड्यात तीच अडचण जरा अवघड करून घातली. तीही सुटली.

पेनर पुढे झुकून बघत होते. त्यांचा राग गेला नव्हता, पण शिक्षकाची नजर त्यांना आवरता येईना.

"त्यांना सांग," आबोनिम मला म्हणाले, "हरवणं सोपं असतं. दोन घरांनी हरायचं, तर समोरचा माणूस पुढे काय करणार ते त्याच्या आधी कळावं लागतं. मी एवढं लक्ष माझ्या बायकोच्या बोलण्याकडेही दिलं नाही. थोरल्या माणसाला दर आठवड्याला घरी बोलावून मी चेचत बसलो असतो, तर तो काय म्हणून माझ्या दारात आला असता?"

मी सांगितलं. काहीही गोड केलं नाही.

पेनरांनी चष्मा काढून पुसला. "आणि तू त्यांना सांग, की मी आलो असतो. हरायला आलो असतो. माझं न येणं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं, माझा राग तेवढाच आहे. तू मला फसवलंस, तेकसू."

शेवटचं वाक्य ते थेट आबोनिमच्या तोंडावर बोलले होते. पण त्याचा अर्थ माझ्याच तोंडून जायचा होता. स्वयंपाकघराच्या दारात ग्यूसिक उभा होता, पाळी संपवून नुकताच आलेला, अंगात कारखान्याचा कोट तसाच. तो मान हलवून मला खुणावत होता, हे नको सांगूस.

मी हात मांडीवर ठेवले आणि सांगितलं. "आबोनिम, ते म्हणताहेत, तुम्ही त्यांना फसवलंत."

मग आबोनिमनी मान वर केली आणि पेनरांच्या डोळ्यांत पाहिलं. मला ते बघवेना. थोरल्याच्या डोळ्यांत असं बघणं त्यांना किती जड गेलं असेल, ते मी किंवा ग्यूसिकच जाणे.

"होय," ते म्हणाले. "फसवलं."

पेनरांना हे सांगावं लागलं नाही.

"मग आता नीट खेळू दे त्यांना," ते जरा घोगऱ्या आवाजात म्हणाले.

आबोनिमची अडचण निराळीच निघाली. ते मला हळूच म्हणाले, "नीट खेळायचं तर पांढऱ्या मला घ्याव्या लागतील. यांच्यासमोर मी वरचढ म्हणून कसा बसू? भावाभावांत नाही बसत ते. शिक्षक-विद्यार्थी असतं तर गोष्ट वेगळी. शिक्षकानं विद्यार्थ्याला खरंच सांगायचं असतं."

मी हे सांगताच पेनर मोठ्यानं हसले. "अरे, मग मला विद्यार्थी करा की! चाळीस वर्षं मी इतरांना शिकवलं, मला कुणी शिकवायला तयारच नाही. काय करावं लागतं विद्यार्थ्याला?"

"पहिल्या दिवशी वाकून नमस्कार करतात," ग्यूसिक दारातून म्हणाला.

पेनरांचं हसू मावळलं. "ते नाही जमायचं. माझे आजोबा याच कारणानं रशिया सोडून आले. आम्ही माणसापुढे वाकत नाही, राजापुढेही नाही." मग घाईनं म्हणाले, "यात त्यांचा अपमान नाही हं. हे नीट सांग."

मी नीट सांगितलं. आबोनिमनी पटावर मांडलेला डाव आवरला. मग म्हणाले, "कच्चा खेळाडू आधी पटावर जादा काळ्या सोंगट्या मांडून घेतो. पक्का त्याला तेवढी सूट देतो, उघडपणे, दोघांच्या संमतीनं. किती घ्यायच्या ते त्यांनीच ठरवावं."

"मी ठरवू?" पेनरांनी पुन्हा विचारलं.

"तुम्हीच."

त्यांनी काळ्या सोंगट्यांची वाटी ओढून घेतली. आमचा पट बुटका, आणि पेनर उंच, गुडघे दुखरे. चारी कोपऱ्यांत सोंगट्या मांडायला त्यांना पार पुढे ओणवं व्हावं लागलं. पांढरं डोकं जवळजवळ पटाला टेकलं. समोर आबोनिमनीही तेवढंच डोकं खाली नेलं आणि पेनर सरळ होईपर्यंत वर आणलं नाही. त्यांना त्यात काय दिसलं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलं नाही.

मग खेळ झाला. मला बाडुक कळत नाही, पण पेनरांच्या पुटपुटण्यावरून कळत होतं. आधी जर्मन बोली, मग इंग्रजी, मग नुसताच श्वास. एकेक कोपरा जात होता. आबोनिमचा हात कुठेही अडखळत नव्हता. शेवटी मोजायला काही उरलंच नाही. चार सोंगट्यांची सूट घेऊनही पेनरांचं पटावर एक चिमुकलं गाव काय ते जिवंत होतं.

पेनर पटाकडे बघत राहिले. मला धास्ती वाटली. मग त्यांनी आबोनिमकडे पाहिलं, डोळे पाणावले होते आणि तोंडभर हसू होतं.

"कसा आहेस, तेकसू?" ते म्हणाले, जसं काही आबोनिम त्याच क्षणी दारातून आत आले होते.

ते गेल्यावर आबोनिमनी सोंगट्या वाट्यांत भरल्या. मी मशीनपाशी जाऊन बसले आणि एका पँटची तळाची दुमड उसवायला घेतली. थोड्या वेळानं दाराशी खाकरल्याचा आवाज आला. दोरा कापून मी वर पाहिलं.

"तिकिटाचं राहू दे म्हणावं ग्यूसिकला," ते म्हणाले. "आणि गुरुवारी काहीतरी चांगलं कर. त्यांना ते मांडू आवडतात का बघ. बिचारे हरणार आहेत."